पावतीबुक आणि प्रक्षेपण हक्क

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगा ओलांडून तेलंगण सुरू होण्याआधीचा तालुका म्हणजे झरी जामणी. कापूस आणि तूर, कोलामांचे पोड, गोंड-परधानांची गावे, मुकुटबनच्या बाजूला चुनखडी आणि सिमेंट. कापसाचे पैसे हातात आले की या भागात हिवाळाभर गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. त्यांचे सगळे अर्थकारण एका पावतीबुकात मावते. दुसरीकडे जून २०२२च्या ई-लिलावात आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्यामागे ११८ कोटी.

हे पावतीबुक आणि तो लिलाव एकाच विद्याशाखेत शिकायचे विषय आहेत असे म्हटले तर कुणालाही हसू येईल. पण ती विद्याशाखा आहे, तिचे नाव क्रीडा व्यवस्थापन, आणि तिच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जाहिराती आता वणी-पांढरकवड्यातल्या मुलांच्या मोबाइलवरही येतात. जाहिरातीत झगमगते स्टेडियम असते, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले हसरे तरुण असतात. बी.ए. किंवा बी.पी.एड. झालेला, जिल्हा पातळीपर्यंत खेळलेला मुलगा ती पाहतो आणि घरी विषय काढतो. खासगी संस्थेत दोन वर्षांचा खर्च काही लाखांत जातो. चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात तो आकडा म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून या विद्येत नेमके काय शिकवतात, ती कुठून आली आणि ती झरी जामणीसारख्या तालुक्याच्या कामाची आहे की नाही, हे जाहिरातीच्या बाहेर उभे राहून तपासले पाहिजे.

तिचा जन्म अमेरिकेतला. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'माली यांनी १९५७ मध्ये जेम्स मेसन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना एक पत्र लिहिले. खेळाचा व्याप इतका वाढला आहे की तो चालवायला शिकलेली माणसे लागतील, मग ती तयार कोण करणार, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीचा हंगाम संपल्यावर ओ'माली आपला संघ उचलून लॉस एंजेलिसला घेऊन गेले, आणि ब्रुकलिनच्या लोकांनी त्यांना कधी माफ केले नाही. मेसन यांच्या डोक्यातून मात्र पत्र गेले नाही. १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. या विषयातला तो पहिला मानला जातो. म्हणजे ही विद्या मालकाच्या गरजेतून जन्मली आहे, खेळाडूच्या किंवा प्रेक्षकाच्या नव्हे. हा जन्मडाग अजून तिच्या अंगावर आहे, आणि पुढचे बरेच काही त्यावरून समजते.

युरोपात ती उशिरा पोचली. फिफाच्या पाठिंब्याने लेस्टर, मिलान आणि न्यूशातेल या तीन ठिकाणच्या विद्यापीठांत फिरत फिरत शिकायचा अभ्यासक्रम २००० मध्ये सुरू झाला. त्यात इतिहास, व्यवस्थापन आणि कायदा असे तीन भाग आहेत. इतिहास पहिला ठेवला आहे, हे मला आवडते.

आपल्याकडे मुंबईत २०१० मध्ये इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट ही संस्था निघाली. तिचे संस्थापक डोंबिवलीचे नीलेश कुलकर्णी. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने आठवेल: १९९७ मध्ये कोलंबोत कसोटी पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी मर्वन अटापट्टूला बाद केले. त्यानंतर श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या आणि कुलकर्णींच्या नावावर १९५ धावांत तोच एक बळी राहिला. तीन कसोटींत कारकीर्द संपलेल्या खेळाडूने खेळाच्या आसपासच्या नोकऱ्यांची शाळा काढावी, यात एक तर्क आहे. पुण्यात सिंबायोसिस विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेसमध्ये क्रीडा व्यवस्थापनाची एमबीए करता येते. राज्याच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, तेही पुण्याचेच. विदर्भातल्या वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. अमरावतीचे काय?

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. वैद्य बंधूंनी काढलेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या काळी जहाजाने पथक नेणे, पैसे उभे करणे, कार्यक्रम बसवणे हे व्यवस्थापन नव्हते तर काय होते? पण मंडळाने आणि त्याच्या महाविद्यालयाने जी पिढी घडवली ती शारीरिक शिक्षकांची, प्रशिक्षकांची. शारीरिक शिक्षण शरीराला काय शिकवायचे ते सांगते. क्रीडा व्यवस्थापन विचारते की मैदान कुणाचे, तिकीट कोण विकणार, नुकसान कोण भरणार आणि सामना झाल्यानंतर काय उरणार. दोन्ही प्रश्न एकाच गावात उभे राहतात, पण उत्तरे देणारी माणसे वेगळी असतात. यवतमाळ जिल्हा ज्या विद्यापीठाखाली येतो त्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रदेशात पहिल्या प्रश्नाची परंपरा शंभर वर्षांची आहे. दुसऱ्याची अजून पावतीबुकातच आहे.

खेळाचा धंदा इतर धंद्यांपेक्षा वेगळा का, याचे उत्तर या विद्येच्या पायाशी आहे, आणि ते दोन अर्थशास्त्रज्ञांनी दिले. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलपटूंच्या मजुरीच्या बाजाराबद्दल लिहिताना म्हटले की निकाल अनिश्चित असला तरच लोक बघायला येतात. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये त्याच धाग्याला मुष्टियोद्धा जो लुईसचे उदाहरण जोडले. किराणा दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडले तर आनंद होतो. जो लुईसला मात्र मॅक्स श्मेलिंगसारखा तगडा प्रतिस्पर्धी हवाच असतो, कारण तो नसेल तर तिकीट कुणी घेणार नाही. स्पर्धक हाच भागीदार. बाजारात तो शत्रू असतो, मैदानात तो मालाचा अर्धा उत्पादक असतो.

हे वाचून माझ्यासमोर नीलपेक्षा आधी गावातली फलकावरची ओळ आली: 'एक गाव एक चमू'. विदर्भात संघाला चमू म्हणतात. सामन्याच्या पत्रिकेवर, बक्षिसांच्या यादीखाली, हा नियम ठळक छापलेला असतो. याचा अर्थ बाहेरगावचे चांगले खेळाडू पैसे देऊन आणायचे नाहीत. एखाद्या पैसेवाल्याने तालुक्यातले सात वाघ एका चमूत गोळा केले तर उपांत्य फेरीपर्यंत मैदानाभोवतीची गर्दी पांगते, चहाची गाडी रिकामी होते आणि पुढच्या वर्षी चमू येत नाहीत, हे आयोजकांना अनुभवाने माहीत असते. आयपीएल हेच काम लिलावातल्या रकमेची मर्यादा घालून करते. २०२५ च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला १२० कोटी होती. वजनगटाचे सामने भरवण्यामागेही हेच शहाणपण आहे. पदव्युत्तर वर्गात ज्याला स्पर्धात्मक समतोल म्हणून एक अख्खा घटक दिलेला असतो, तो झरी जामणीच्या आयोजकाने पत्रिकेच्या एका ओळीत बसवला आहे. मात्र तो पाळला जातो का हे तपासायची त्याच्याकडे काही सोय नाही. तिथे आपण नंतर येऊ.

अभ्यासक्रमाचा मोठा भाग खेळाला विकाऊ बनवण्याचा असतो: प्रायोजकत्व, जाहिरात, प्रक्षेपण हक्क, तिकीट, खेळाडूची प्रतिमा, समाजमाध्यमे. हे कसे घडते ते समजून घ्यायला प्रो कबड्डीइतके चांगले उदाहरण नाही, कारण इथे खेळ आपला आणि बदल डोळ्यांदेखत झालेला. हुतूतूला नियमांत बसवण्याचे काम महाराष्ट्राने आणि बडोद्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत केले. बुवा साळवींसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य घालून तो देशभर नेला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. पण बघण्याचा खेळ म्हणून त्याला दूरदर्शन संचावर कुणी विचारत नव्हते. २०१४ च्या जुलैमध्ये आठ संघांची लीग सुरू झाली तेव्हा मातीच्या जागी मॅट आली, दिवे आले आणि घड्याळ आले. चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर जादा गुण. यातला प्रत्येक नियम एकाच गोष्टीसाठी आहे: काहीच घडत नाही असा क्षण पडद्यावर उरू नये, आणि मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहावा. रॉटेनबर्ग यांची अनिश्चितता इथे नियमपुस्तकात घालून दिली आहे.

परिणाम पैशात दिसला. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, १२.८० लाख. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. नऊ वर्षांत वीसपट. हा खेळाडूचा विजय आहे यात वाद नाही. मात्र त्याच काळात, ऑगस्ट २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय कबड्डी महासंघाच्या पदाधिकाऱ्यांची निवड रद्द करून तिथे प्रशासक बसवला. त्याच महिन्यात जकार्तात भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी आशियाई सुवर्ण गमावले. इराणकडून. लीग भरभराटीला आणि महासंघ न्यायालयात, हे चित्र एकाच खेळाचे होते. खेळाचा धंदा आणि खेळाची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली चालली म्हणून दुसरी आपोआप चालत नाही. बहुतेक अभ्यासक्रम पहिलीवर जास्त तास देतात. पगार तिथे आहेत, म्हणून.

किती आहेत तेही पाहू. ग्रुपएम या जाहिरात कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतातल्या क्रीडा उद्योगावरचा खर्च १६,६०० कोटींच्या घरात होता, आणि त्यातला सुमारे ८५ टक्के एकट्या क्रिकेटचा. उरलेल्या १५ टक्क्यांत फुटबॉल, कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, कुस्ती, मॅरेथॉन, सगळे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याची नोकरी बहुधा मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीत असते: जाहिरात संस्थेत, प्रक्षेपण कंपनीत, लीगच्या कार्यालयात, एखाद्या अकादमीत. सुरुवात बऱ्याचदा हंगामी कामाने होते. दोन महिने लीग, मग पुन्हा शोध. इंग्रजी बोलता येणे आणि मुंबईत स्वतःच्या खर्चाने सहा महिने राहता येणे, या दोन अटी माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात. आणि एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यावी. शासनातल्या क्रीडा अधिकाऱ्याच्या पदांसाठी शारीरिक शिक्षणाची पदवी मागतात. व्यवस्थापनाची एमबीए तिची जागा घेत नाही. ज्याला तालुका क्रीडा अधिकारी व्हायचे आहे त्याने फी भरण्यापूर्वी लोकसेवा आयोगाची जुनी जाहिरात काढून वाचावी.

आता पावतीबुक उघडू. आकडे मी समजुतीसाठी घेतो, पण या भागात सामने भरवलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. समजा ४० चमू आले, प्रवेश फी ५०० रुपये. जमा २०,०००. बक्षिसे ३१ हजार, २१ हजार आणि ११ हजार, म्हणजे ६३,०००. मंडप, दिवे, जनरेटर, लाउडस्पीकर, मैदानाची आखणी, पंचांचे मानधन आणि चमूंचा आलूभात वेगळा. फीमधून बक्षीसही भागत नाही. मग पहिले बक्षीस लोकप्रतिनिधीकडून, दुसरे जिनिंगवाल्याकडून, तिसरे कृषी केंद्राकडून. चषक कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ. उत्कृष्ट चढाईपटूला सायकल. मोबदल्यात लाउडस्पीकरवर दर पंधरा मिनिटांनी नाव. हे प्रायोजकत्वच आहे, नामाधिकारासकट. त्यातली जोखीमही तीच: कबूल केलेले बक्षीस वेळेवर न येणे. जाणता सचिव यावर उपाय करतो. दात्याला उद्घाटनाला न बोलावता अंतिम सामन्याला बोलावतो, आणि रक्कम आल्याशिवाय अंतिम सामन्याची शिट्टी वाजत नाही.

वेळापत्रकही पाहण्यासारखे असते. बाद पद्धतीत ४० चमूंना ३९ सामने लागतात, कारण प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि ३९ जणांना घरी जायचे असते. एका मैदानावर अर्ध्या तासाला एक धरला तरी साडेएकोणीस तास. म्हणून 'दिवसरात्र सामने' असे छापावे लागते. पहिल्या फेरीत फक्त १६ चमू खेळतात, २४ जणांना पुढे चाल मिळते, आणि ती कुणाला मिळाली यावरून पहाटे तीन वाजता भांडण होते. चिठ्ठ्या सर्वांसमोर, शक्यतो लहान मुलाच्या हातून काढायच्या, ही युक्ती कुठल्या वर्गात शिकवत असतील तर मला माहीत नाही; शिकवायला हरकत नाही. पाहुणचाराची सवय तर या मुलखाला जुनीच आहे. नदीपलीकडे आदिलाबादच्या बाजूला दिवाळीत गुसाडी-दंडारीची पथके गावोगाव जातात आणि यजमान गाव त्यांचे खाणेपिणे बघते. पूर्व विदर्भात शंकरपटाच्या दिवशी रात्री नाटक असते. दिवसा बैलजोड्या बघायला आलेला माणूस रात्रीपर्यंत थांबावा, त्याने दोन जेवणे घ्यावीत, ही योजना कुठल्याही स्टेडियमच्या मॉलपेक्षा जुनी आहे. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पट भरवणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हे सगळे कागद जमवावे लागतात. मजा अशी की त्यामुळे काही बाबतींत पटाच्या बैलाचा कागद कबड्डीच्या खेळाडूच्या कागदापेक्षा पक्का झाला आहे.

माझ्या मते झरी जामणीचा खरा प्रश्न इथे आहे. पैसा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न नोंदीचा.

सामना संपला, चमू घरी गेले, की काय उरते? एक चषक, काही फोटो, फाटलेले पावतीबुक. कुणी किती गुण घेतले, कुणाचे वय किती होते, कोण कुठल्या गावचा म्हणून खेळला, कुणाच्या गुडघ्याला काय झाले, याची वही नसते. वही नसल्यामुळे 'एक गाव एक चमू' तपासता येत नाही. विमा काढता येत नाही, कारण गटविम्याला आधी नावांची यादी लागते. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे त्या रात्री वीस गुण घेणाऱ्या मुलाच्या हातात कागद येत नाही. आला तरी चालत नाही.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण २००५ पासून आहे. त्यासाठीचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धेचे लागते आणि क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजल्यानंतर ही पडताळणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. पण गावच्या खुल्या सामन्यांचे गुण या साखळीत कुठेच अडकत नाहीत. पांढरकवडा प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांतली मुले प्रकल्पस्तर, विभागस्तर, राज्यस्तर अशा स्पर्धा खेळतात तोवर ती कागदावर असतात. शाळा सुटली की ती गावच्या सामन्यांत येतात आणि कागदावरून पुसली जातात. एकोणिसाव्या वर्षी, खेळ ऐन भरात असताना. मग पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणे सुरू होते. तालुक्यातला सर्वांत मोठा क्रीडा उद्योग कुठला म्हणाल तर हाच, आणि त्यात प्रेक्षक नसतात.

नोंदीने काय होते याचे एक उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातूनच देतो. विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध त्याने टी-ट्वेंटी सामन्यात चार षटके टाकली, चारही निर्धाव, दोन बळी, एकही धाव नाही. असा विक्रम टी-ट्वेंटीत आधी झाला नव्हता, हे त्याच दिवशी जगाला कळले, कारण क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूची वही असते. विदर्भ क्रिकेट संघटनेकडे मंडळातून येणारा पैसा मोठा आहे, जामठ्याचे स्टेडियम आहे, तीन रणजी विजेतेपदे आहेत: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. नागपूरचे वकील शशांक मनोहर मंडळाचे आणि पुढे आयसीसीचे प्रमुख झाले. यातला पैसा कबड्डीला आणता येणार नाही. गुणलेखकाची वही आणता येईल. तिला ४८ हजार कोटी लागत नाहीत.

आणि वही असली की पैशाचाही मार्ग निघतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावले, आणि त्या कामांच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. वणी पट्ट्यात कोळसा आहे, मुकुटबनला सिमेंट आहे. म्हणजे कायद्याच्या कक्षेत येणारे उद्योग दाराशी आहेत. मात्र इथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्याने अनेक अर्ज परत येतात. २०२१ च्या नियमांनुसार जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व या दोन टक्क्यांत धरता येत नाही. 'तुमच्या कंपनीचा फलक लावू, चषक द्या' असा अर्ज केला तर तो जाहिरात विभागाकडे जातो, आणि त्या विभागाला झरी जामणीत ग्राहक दिसत नाहीत. 'तालुक्यातल्या साठ मुलींना वर्षभर खो-खोचे प्रशिक्षण, प्रशिक्षकाचे मानधन इतके, बूट-आहार-विमा इतका, दर तीन महिन्यांनी चाचणीची नोंद' असा अर्ज केला तर तो योग्य टेबलावर पोचतो. मैदानाची भिंत, धावपट्टी, दिवे यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतही, शिक्षणाच्या शीर्षाखाली, क्रीडा सुविधांना जागा आहे. अर्ज लिहिणारा माणूस आणि त्याला जोडायची मागच्या वर्षाची वही, या दोन गोष्टींची उणीव आहे. तालुका क्रीडा संकुलांसाठीच्या अनुदानाची मर्यादा राज्याने २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटी केली. इमारत उभी राहील. तिची किल्ली कुणाकडे, विजेचे बिल कोण भरणार, सकाळी भरतीवाल्यांना आणि संध्याकाळी मुलींना वेळ कशी वाटायची, हे इमारतीच्या अंदाजपत्रकात नसते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मात्र असते. सुविधा व्यवस्थापन नावाचा घटक. विद्यार्थी तो सहसा पास होण्यापुरता वाचतात.

जुन्या काळी हे सगळे एखाद्या माणसाच्या जिवावर चालत असे. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार दिल्याचे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण व्यवस्थापनाच्या नजरेने ती नामुष्कीची आहे: स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचा जमाखर्च एका शिक्षकाच्या घरावर उभा होता. त्याच्या उलट उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचे. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'मधून तिथल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. निवड, महिनोन्महिने टप्प्याटप्प्याने सराव, वैद्यकीय चाचण्या, निधी, परवाने, सगळे कागदावर आधी उतरले होते. मुलांची जिद्द दोन्हीकडे सारखीच. फरक कागदाचा.

वरच्या पातळीवर कायदा आता बदलतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम आला. त्यात महासंघांना मान्यता देणारे मंडळ आहे, वाद सोडवणारे न्यायाधिकरण आहे, कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना जागा आहेत. संघटनांना आता नियम, लेखे आणि निवडणुका जाणणारी माणसे लागतील, आणि ही मागणी दिल्लीतून जिल्ह्यापर्यंत उतरेल असा अंदाज करायला हरकत नाही. उतरली तर व्यवस्थापन शिकलेल्या मुलाला यवतमाळातही काम असेल. आज ते पगारी काम नाही, हे फी भरणाऱ्या बापाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

तेव्हा या घरातल्या मुलाने काय करावे? माझा कल असा आहे. आधी शारीरिक शिक्षणाची पदवी, कारण शासनाचे दार त्याच किल्लीने उघडते. एमबीए करायचीच तर कर्ज काढण्याआधी संस्थेला दोन प्रश्न विचारावेत: मागच्या तीन तुकड्यांतले किती जण आज क्रीडा क्षेत्रातच आहेत, आणि शिकतानाचे प्रत्यक्ष काम कुठे करायला मिळते. उत्तर नावानिशी आले तर ठीक. फोटोनिशी आले तर उठावे. आणि आपल्या अमरावती विद्यापीठाने ही विद्या पुण्या-मुंबईच्या छापाची न करता एका वर्षाच्या पदविकेत, मराठीतून, शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरांसाठी आणली तर तिला विद्यार्थी मिळतील असे मला वाटते. प्रक्षेपण हक्कांचा धडा त्यात दोन तासांत आटपता येईल. नोंदणी, संलग्नता, गुणलेखन, विमा, अर्ज, लेखापरीक्षण यांना उरलेले वर्ष द्यावे. प्रात्यक्षिक म्हणून प्रत्येकाने हिवाळ्यातल्या एका गावच्या सामन्यांची वही ठेवावी.

त्या वहीत एक रकाना मुलींचा असावा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्यानंतर गावांत मुलींच्या सामन्यांची चौकशी वाढली तर नवल नाही. पण दिवसरात्र सामन्यांचे वेळापत्रक मुलींना लागू पडत नाही. चमू चाळीस असोत की आठ, मुलींचा अंतिम सामना दुपारी चारच्या आत संपवावा लागतो, कारण त्यांना घेऊन जाणारी शेवटची एसटी त्यानंतर थांबत नाही. म्हणजे वेळापत्रक आखायला बसणाऱ्याने आधी भाग्यपत्रिका नव्हे, आगाराचा फलक वाचायचा आणि तिथून उलटे मोजत यायचे: चारला अंतिम, तीनला उपांत्य, आणि पहिली शिट्टी सकाळी आठला, दव वाळायच्या आत.